बंदर उठल्यावरचे चौल

अलिबागहून मुरूड-जंजिऱ्याकडे निघालेला प्रवासी आक्षी-नागाव मागे टाकून चौलच्या वाड्यांच्या सावलीत शिरतो, आणि रेवदंड्याला पोहोचता पोहोचता त्याची गाडी एका जाड, काळवंडलेल्या तटातून आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडते व कुंडलिकेच्या पुलावर चढते, हे बहुधा त्याच्या ध्यानातही येत नाही. जंजिऱ्याची होडी चुकणार तर नाही ना, एवढी चिंता वाहण्यास जो अवधी लागतो तेवढ्या अवधीत तो पश्चिम किनाऱ्यावरच्या एका अतिप्राचीन बंदराच्या पोटातून निघून गेलेला असतो. चौल आणि रेवदंडा ही आज सरकारदप्तरी दोन गावे असली तरी इतिहासात ती एकाच बंदराची दोन अंगे होत. आतल्या बाजूस शिलाहारांचे व पुढे निजामशाहीचे वरचे चौल, आणि खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी तट घालून बंदिस्त केलेले खालचे चौल, म्हणजेच आजचा रेवदंडा. माझे आजोळ या दोहोंच्या शिवेवरच्या एका वाडीत असल्यामुळे या स्थळाविषयी मी जे लिहीन ते सर्वस्वी तटस्थ असेल असा दावा मी करीत नाही. तथापि या गावाविषयी आजवर जे छापले गेले त्यात आपुलकीचा दोष फारसा कोणाच्या माथी मारता येणार नाही, कारण ते बहुतेक सारे जहाजातून उतरलेल्या आणि जहाजातूनच परत गेलेल्या माणसांनी लिहिलेले आहे.

चौलच्या इतिहासाचे हेच खरे वैचित्र्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील तो अनामिक ग्रीक नावाडी, ज्याचे लाल समुद्राचे मार्गदर्शक पुस्तक विद्वानांना सुपरिचित आहे, कल्याणच्या खालच्या बंदरांची नावे सांगताना पहिले नाव घेतो ते सेमुल्ल्याचे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही या बाजारपेठेला स्थान आहे, आणि इकडे देशी पुरावा पाहू जावे तर कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत चेमुल्याचे रहिवासी दाते म्हणून भेटतात. म्हणजे ज्या काळी मुंबई ही कोळ्यांची व दलदलीची सात बेटे होती त्या काळी या खाडीच्या काठी दूरदेशीची गलबते नांगर टाकीत होती आणि येथले सावकार साष्टीच्या डोंगरात भिक्षूंसाठी द्रव्य वेचीत होते. त्या सावकारांनी स्वतःच्या गावाविषयी काही लिहिले असेल तर ते काळाच्या उदरात गडप झाले. आपल्या हाती राहिला तो परक्या नावाड्याचा त्रोटक उल्लेख.

यानंतरचा मोठा साक्षीदार बगदादचा मसूदी. हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, तो या बंदरी आला. अरब लेखक चौलास सैमूर म्हणत. मसूदी लिहितो की येथे सिराफ, उमान, बसरा, बगदाद आदी ठिकाणांहून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांच्या तंट्यांचा निवाडा करण्यास त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला आहे, आणि त्या राजाचे नाव झंझ. हा झंझ म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातील राजा, राष्ट्रकूटांचा मांडलिक. परधर्मीय व्यापाऱ्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे न्याय मिळावा अशी तजवीज एका कोकणी राजाने हजार वर्षांपूर्वी केली होती, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी आढळली नाही. आढळती तर ती परीक्षेच्या प्रश्नापलीकडेही उपयोगी पडली असती. मसूदीच्या ग्रंथात विड्याच्या पानाचे व सुपारीचे सविस्तर वर्णन आहे, आणि तो असेही सांगतो की मक्का, हिजाझ व येमेन या प्रदेशांत लोक आता मस्तकी सोडून विडा चघळू लागले आहेत. ज्या मालाने अरबस्तानच्या दाढा रंगविल्या तो माल आजही चौलच्या अंगणात वाळत पडलेला असतो, याकडे आपण पुढे येऊच.

त्याच शिलाहार काळाचा एक देशी साक्षीदार चौलपासून हाकेच्या अंतरावर, आक्षी येथे आहे, आणि त्याची कथा मनाला उद्विग्न करणारी आहे. गधेगाळीचे चित्र व शापवचन असलेल्या या शिळेवर पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणविणाऱ्या केसिदेवराय नामक राजाच्या काळातील धान्यदानाची नोंद असून डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तिचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा येतो. ते वाचन ग्राह्य धरले तर मराठी भाषेतील आद्य शिलालेखांत या दगडाची गणना करावी लागते. असा हा दगड कित्येक दशके रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात उभा होता. दान मोडील त्याला शाप देणाऱ्या त्या लेखाला, आपल्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्यांसाठी वेगळा शाप कोरून ठेवण्याचे सुचले नाही, हे आपले भाग्य.

पंधराव्या शतकात चौल बहमनी सुलतानांच्या अंमलाखाली होते आणि घोड्यांच्या आयातीमुळे त्याला विलक्षण महत्त्व आले होते. दख्खनची हवा घोड्याच्या पैदाशीला मानवत नाही, आणि सैन्य तर घोड्यावाचून उभे राहत नाही. म्हणून होर्मुझहून येणारे प्रत्येक जहाज हे सुलतानांच्या दृष्टीने युद्धसाहित्यच होते. अशाच एका जहाजातून, १४६९ च्या सुमारास, व्होल्गाकाठच्या त्वेर नगराचा अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. मूळ निघाला होता तो जवळच्या व्यापारासाठी. वाटेत अस्त्राखानपाशी लुटला गेला, रित्या हाती घरी जाण्याची लाज वाटली, म्हणून दरबंद, बाकू, इराण, होर्मुझ असा पुढे पुढेच सरकत तो आपल्या किनाऱ्याला लागला. येथील स्त्रीपुरुष डोकी उघडी ठेवतात, केसांची एक वेणी घालतात, आणि आपण गोरा असल्यामुळे जेथे जावे तेथे बघ्यांचा घोळका मागे येतो, असे तो नोंदवून ठेवतो. पुढे घाट चढून तो जुन्नरला गेला, तेथील सुभेदाराने त्याचा घोडा हिसकावून घेऊन धर्मांतराची अट घातली, एका खुरासानी अमिराच्या रदबदलीने तो सुटला, बिदरला घोडा विकला, आणि अखेर दाभोळहून परतीच्या जहाजात चढला; परंतु त्वेरला तो पोहोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या वाटेवर वारला. त्याच्या टिपणांची वही मात्र मागे राहिली व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करमझीन या इतिहासकाराला एका मठाच्या ग्रंथसंग्रहात तिचा शोध लागला. १९५७ साली त्यावर 'परदेसी' हा भारत आणि सोव्हिएत रशिया यांचा संयुक्त चित्रपट निघाला. आज रेवदंड्याच्या हायस्कुलाच्या आवारात निकितीनचे स्मारक आहे. मुले त्याच्या भोवती डबे खातात, आणि तसे खाल्ल्याने त्या गरीब व्यापाऱ्याचा काही अवमान होतो असे मला वाटत नाही.

निकितीनच्या पाठोपाठ अवघ्या चार दशकांत बंदराचे रूप पालटले. १५०८ च्या मार्च महिन्यात चौलच्या खाडीत जी लढाई झाली ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीजांचा पहिला मोठा पराभव होय. ईजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार घेऊन अमीर हुसेन आला होता, त्याला दीवचा सुभेदार मलिक अयाज मिळाला, आणि कोचीनच्या व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी आलेला व्हाइसरॉयचा तरुण पुत्र लोरेन्सो द अल्मेदा खाडीत कोंडला गेला. निसटता निसटता त्याचे जहाज मासेमारीसाठी पाण्यात ठोकलेल्या खुंटांत अडकले; तोफेच्या गोळ्याने मांडी फुटलेली असतानाही डोलकाठीशी बसून तो हुकूम देत राहिला व दुसऱ्या गोळ्याने ठार झाला, असे पोर्तुगीज बखरकार सांगतात. पुत्राच्या सूडासाठी बापाने पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, दीवच्या समुद्रात त्या संयुक्त आरमाराचा चुराडा केला, आणि तेथून अरबी समुद्रावर फिरंग्यांचा कार्तझ, म्हणजे परवान्याची सक्ती, अधिक पक्की झाली. पोर्तुगालच्या महाकवी कामोंइशाने लोरेन्सोला आपल्या काव्यात अमर केले. माझे लक्ष मात्र त्या खुंटांवरून हलत नाही. भरती-ओहोटीच्या ओढीत डोलजाळी बांधण्यासाठी असे खुंट आजही आपल्या किनाऱ्यावर ठोकले जातात. ते कोणत्या कोळ्यांनी ठोकले होते, त्या दिवशी त्यांच्या जाळ्यांचे काय झाले, त्यांना कोणी नुकसानभरपाई दिली काय, याची चौकशी कोणाही बखरकाराने केली नाही; वास्तविक व्हाइसरॉयच्या पुत्राचा घात जितका तोफांनी केला तितकाच त्या अनामिक कोळ्यांच्या लाकडांनी केला होता.

पराभव झाला म्हणून पोर्तुगीज चौल सोडणार नव्हते. बुऱ्हाण निजामशहाला घोडे हवे होते आणि त्यांना पाय रोवायला जागा हवी होती. उभयतांच्या गरजेतून १५२१ मध्ये खाडीच्या मुखाशी कोट बांधण्याची परवानगी मिळाली व १५२४ पर्यंत तो उभा राहिला. पुढे कोटाभोवती नगर वाढले, नगराभोवती तट चढला, आणि तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांचे मठ व देवळे आली. १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने या नगराला वेढा घातला. त्याच सुमारास आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता, म्हणजे दख्खनच्या दोन शाह्यांनी विचारपूर्वक मांडलेला तो डाव होता. महिनोन् महिने वेढा चालला, तटाबाहेरची घरे व मठ जमीनदोस्त झाले, परंतु शहर पडले नाही आणि १५७१ मध्ये तह करावा लागला. फिरिश्ता या अपयशाचे जे कारण देतो ते कोणत्याही काळच्या वाचकास ओळखीचे वाटेल: निजामशाही सरदार दिवसा वेढा देत आणि फिरंग्यांच्या देणग्या, विशेषतः मद्य, स्वीकारून रात्री त्यांना रसद पोहोचू देत. ज्यांना आपला पराभव परक्याच्या पराक्रमामुळेच झाला असे मानण्याची हौस आहे त्यांनी फिरिश्त्याचे ते पान अवश्य वाचावे.

खाडीच्या दक्षिण बाजूस समुद्रात घुसलेली जी डोंगराची सोंड दिसते तिच्यावर निजामशहाने पुढे किल्ला बांधला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला. पळणाऱ्या सैन्याला आत घेऊन दार लावायचे तर दारातच हत्ती आडवा पडलेला, म्हणून ते लावताच आले नाही, असा त्या प्रसंगाचा फिरंगी वृत्तान्त आहे. हाच कोर्लईचा किल्ला. त्याचे तट, बुरूज, पोर्तुगीज भाषेतील शिळा यांविषयी दुर्गप्रेमींनी पुष्कळ लिहिले आहे व मी त्यात भर घालू इच्छीत नाही. माझ्या मते कोर्लईची खरी पुरातन वास्तू किल्ल्यात नसून पायथ्याच्या वस्तीत आहे, आणि ती दगडाची नाही. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, साहेब व पाद्री जहाजात बसून गोव्याला गेले, पण त्यांच्या घरी राबणारी, त्यांच्या धर्मात आलेली आणि त्यांची भाषा आपल्या परीने बोलणारी गरीब ख्रिस्ती कुटुंबे मागेच राहिली. आज कोर्लईच्या ख्रिस्ती पाड्यात जेमतेम हजारभर माणसे ती भाषा बोलतात. शब्द पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मराठी, अशी ही बोली. तिच्यात क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी सरकले आहे. क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. शेजारच्या गावी राहून आपल्यापैकी कोणाला तो सुचू नये, हा आपल्या विद्यापीठांविषयीचा अभिप्राय समजावा. मी त्या पाड्यातील एका वृद्ध बाईला विहिरीवर घागर भरताना नातवावर रागावताना ऐकले आहे. दटावणी त्या बोलीत सुरू झाली, मध्येच आगरी मराठीत शिरली, आणि नातवाने मात्र उत्तर शाळेतल्या मराठीत दिले. अडीच शतकांहून अधिक काळ कोणत्याही राजसत्तेच्या, शाळेच्या वा छापखान्याच्या आधाराशिवाय टिकलेल्या भाषेला आता तिसऱ्या पिढीशी झुंजावे लागत आहे.

मराठ्यांचा आणि चौलचा संबंध पाहू जाता तो आपल्या इतिहासलेखनाला अडचणीचाच ठरला आहे. संभाजी महाराजांच्या फौजांनी १६८३ मध्ये खालच्या चौलास वेढा दिला, पण ते हाती आले नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीजांचे उत्तर कोकणातील बळ संपले, आणि १७४० च्या तहाने, मुंबईकर इंग्रजांच्या मध्यस्थीने, चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. म्हणजे वसईसारखी रणकथा येथे नाही. जे आले ते कागदावरच्या सहीने आले. ज्या स्थळी आपण पराक्रम केला त्याचेच स्मरण ठेवावे, असा आपला एक अलिखित दंडक आहे. शिवाय चौल मराठ्यांकडे आले तेव्हा बंदर म्हणून त्याची उतरती कळा सुरू होऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी मुंबईस कारागिरांना बोलावण्यास आरंभ केला आणि ज्यांच्या कापडासाठी चौल प्रसिद्ध होते ते रेशमाचे विणकर तिकडे जाऊन वसले. खाडी गाळाने उथळ होत गेली, जकातीचे नाके ओस पडले, आणि चेऊलकर, रेवदंडेकर ही आडनावे मुंबई-पुण्याच्या पाट्यांवर दिसू लागली. पोर्तुगीज नगराच्या भिंतींतले दगड शेजारच्या घरांच्या जोत्यांत गेले. फ्रान्सिस्कन मठाचा जो उंच मनोरा लोक सातखणी म्हणून दाखवितात त्याचे वरचे खण केव्हाच ढासळले. उरलेल्या भागावर वड-पिंपळ वाढले आहेत, आणि त्याच्या पायथ्याशी आज माडांची आळी आहेत.

येथे गेर्सन द कुन्हा यांचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकी करणारे हे गृहस्थ नाणी व शिलालेख यांचे जाणकार. त्यांनी १८७६ मध्ये चौल व वसई यांच्या इतिहासावर व प्राचीन अवशेषांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पोर्तुगीज साधने त्यांना मुळातून वाचता येत होती, ही त्यांची शक्ती. मोडी दप्तरांत त्यांना शिरता आले नाही, ही मर्यादा. म्हणून त्यांच्या चौलमध्ये कप्तान आहेत, पाद्री आहेत, तोफा आहेत. बागायतदार, भंडारी, आगरी, तेली हे पार्श्वभूमीवर हलणाऱ्या सावल्यांसारखे आहेत.

तेल्यांचा उल्लेख केला तो मुद्दाम. अष्टागरातील, म्हणजे अलिबाग-चौलच्या या किनारपट्टीतील, बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि वाचलेल्या मोजक्या स्त्रीपुरुषांपासून हा समाज वाढला. त्या घटनेचा काळ विद्वान निरनिराळा सांगतात. परंपरेला त्याची फिकीर नाही. ते घाण्यावर तेल काढीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. किहिमकर, नवगावकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर या त्यांच्या आडनावांत सारा जुना कुलाबा जिल्हा आलेला आहे. रेवदंड्याचे बेथ एल हे त्यांचे प्रार्थनामंदिर एकोणिसाव्या शतकातले. बायबलातील आख्यानांवर मराठीत कीर्तने करण्याची प्रथा या समाजाने मुंबईत पाडली होती, हे आज कित्येकांना ठाऊक नसेल. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथूनही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. म्हणजे ज्या किनाऱ्यावर निकितीन, मसूदी यांसारखे लोक आले, लिहून गेले आणि परतले नाहीत, त्या किनाऱ्यावरून हे लोक गेले ते येथली भाषा बरोबर घेऊन.

वरच्या चौलात गेले की इतिहासाचा सूरच बदलतो. राजकोटाचे अवशेष, हमामखान्याचे घुमट, पडक्या मशिदीच्या कमानी हे निजामशाहीचे शिल्लक राहिलेले वैभव झाडीत शोधावे लागते. उलट रामेश्वराचे देऊळ शोधावे लागत नाही, कारण गावाचे सगळे रस्ते तेथेच येतात. पुढे विस्तीर्ण पोखरण, तिच्यात उतरणाऱ्या पायऱ्या, दीपमाळा, आणि कौलारू सभामंडप. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील देवळाचे व तळ्याचे जे वर्णन करून ठेवले आहे ते हातात घेऊन आजही पायऱ्यांवर बसता येते. या देवळाच्या मंडपात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे फरशीखाली झाकलेली असल्याची परंपरा आहे. अवर्षण पडले की गावाने मिळून पर्जन्यकुंड उघडावयाचे. वायू आणि अग्नी यांची कुंडे उघडण्याचे धाडस मात्र कोणी करीत नाही. बुद्धिवादी वाचक हसतील. त्यांनी हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की कुंड केव्हा उघडायचे हा निर्णय कोणा एका मानकऱ्याने घ्यावयाचा नसतो, त्यासाठी सगळ्या आळ्या एकत्र बसाव्या लागतात, आणि तसे बसणे हेच दुष्काळात अर्धे काम असते. मार्गशीर्षात टेकडीवरच्या दत्ताची यात्रा भरते तेव्हा सारे अष्टागर लोटते.

परंतु चौलचा सर्वांत जुना, अखंड चालू असलेला उद्योग देवळात वा कोटात नाही. तो वाडीत आहे. वाडी म्हणजे उंच माडांच्या खाली पोफळी, पोफळींवर चढविलेल्या पानवेली वा मिरवेली, आणि त्याखाली केळी, अशी थरांची शेती. माझ्या लहानपणी आजोळच्या वाडीला रहाटाचे पाणी होते. पहाटे रेडा जुंपला जाई, लाकडी चाकावरची मातीच्या लोट्यांची माळ विहिरीत उतरे, भरून वर येई, पन्हळीत रिती होई, आणि पाणी पाटाने एकेका आळ्याशी जाई. पाट फोडणे व बांधणे हे काम पोरांचे. एखादा लोटा फुटला की माळेत खंड पडे आणि त्याचा चुकलेला ठोका घरात झोपलेल्या आजोबांना ऐकू जाई. पोफळीवर चढणारा गडी पायांत दोरीचा फास अडकवून सरसर शेंड्याला जाई, घोस उतरवून दोरीने खाली सोडी, आणि खाली न उतरता झाडाला झोका देऊन शेजारच्या पोफळीचा शेंडा पकडी. अशा रीतीने जमिनीला पाय न लावता तो वाडीची अख्खी ओळ उरकी. केशरी फळे मग खळ्यात पसरली जात. ती महिना-दीड महिना उन्हात पडून राहत, खडखडीत वाळली म्हणजे असोली सुपारी तयार, आणि मग तिचे टरफल सोलण्याची बायकांची बैठक बसे. मसूदीने ज्या मालाचे वर्णन केले त्याच्या तयारीत हजार वर्षांनी फरक पडला असेल तर एवढाच, की रहाटाच्या जागी विजेचा पंप आला.

३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील पोफळी काडीसारख्या मोडल्या; माड मुळासकट आडवे झाले. नव्या पोफळीला फळ धरण्यास सहा-सात वर्षे आणि चांगले उत्पन्न येण्यास त्याहून अधिक काळ लागतो, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. भरपाईचा हिशेब प्रथम हेक्टरी मांडला गेला, आणि येथल्या वाड्या तर गुंठ्यांत. ज्या घरात वृद्ध दांपत्य राहते आणि मुले मुंबईत नोकरीला आहेत त्या घरासाठी पडलेली वाडी ही विकलेली वाडी होय. मुंबईहून बंगल्यासाठी जागा शोधणाऱ्यांना रिकामी, समुद्राजवळची जमीन हवीच होती. मी विकणाऱ्यांना दोष देत नाही. माझ्या आजोळच्या वाडीचे निम्मे क्षेत्र त्याच वाटेने गेले, आणि त्या व्यवहारास माझी हरकत असण्याचे काही कारण नव्हते.

त्या वाडीच्या घराचा माळा रिकामा करताना एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्या, देवस्थानच्या नेमणुकीचा एक कागद, आणि शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या. एका जाणकाराच्या मदतीने त्यांतल्या काही वाचल्या. त्यांत राजा नव्हता, लढाई नव्हती. कुंभाराकडून घेतलेल्या लोट्यांची किंमत, चढणाऱ्या गड्याला मजुरीबरोबर दिलेले नारळ, कोळणीकडून सुक्या मासळीच्या बदल्यात गेलेली केळी, वादळात पडलेल्या पोफळींची मोजदाद, आणि घाण्याच्या तेलाची खरेदी, असे सारे वारानिशी लिहिलेले होते. मी कुतूहलाने पाने उलटून पाहिली: तेलाची खरेदी एकाही शनिवारी नव्हती. ज्या समाजाविषयी प्रवासवर्णनांत परंपरा आणि तर्क यांचीच चर्चा चालते, त्याचा पाळलेला विश्रामदिन एका शेजाऱ्याच्या वहीत असा नकळत उतरलेला होता. तेव्हा येथे राहिलेल्यांनी काही लिहिले नाही हा समज टाकून दिला पाहिजे. त्यांनी लिहिले, ते छापले गेले नाही एवढेच.

असे कागद वाचून इतिहास लिहिता येतो हे या भागात सिद्ध झालेले आहे. शां. वि. आवळसकर यांनी आंगरेकालीन अष्टागर आणि शेजारचे नागाव यांचा जो अभ्यास केला तो दप्तरांच्या व गावच्या कागदांच्याच आधाराने. त्यांच्या लेखनात साऱ्याचे दर, बागायती, वेठ, बलुते, भांडणे, कर्जे यांतून गाव उभे राहते. चौल-रेवदंड्याला असा अभ्यासक अद्याप लाभलेला नाही, आणि लाभेल तेव्हा त्याला वाचण्यासाठी काही शिल्लक राहिलेले असेलच असे नाही, कारण वाडी विकली जाते तेव्हा घर पाडले जाते आणि घर पाडताना पेटीतले कागद प्रथम जातात. अष्टागरात ज्यांचे घर वा आजोळ आहे अशा वाचकांना विनंती आहे की माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, भाताच्या कणगीशेजारी जी कागदाची गाठोडी असतील ती या दिवाळीच्या साफसफाईत उघडून पाहावीत, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि मूळ कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे सोपवावेत. मोडी वाचता येत नसेल तर न वाचताच द्या. रद्दीवाल्याच्या तराजूत मात्र घालू नका.